अंगणातील झेंडू

दसऱ्याच्या तोरणात डोलणारा झेंडू मुळात या भूमीचा नव्हे. त्याचे माहेर दूर मेक्सिकोत. परंतु इथल्या अंगणात तो असा रुळला आहे की, त्याला परका कोण म्हणेल?

झेंडूचे एक फूल म्हणजे वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छच होय. वाळलेले फूल उकलून पाहावे. पाकळ्यांच्या तळाशी काळ्या, सुईसारख्या बिया सापडतात. मृगाच्या पावसानंतर त्या पेराव्यात. रोपे चार-पाच पानांची झाली म्हणजे हातभर अंतरावर लावावीत. ती वीतभर वाढून जोमास लागली की शेंडा खुडावा. हे निर्दयपणाचे वाटेल खरे. पण शेंडा गेल्यावरच पानांच्या बगलेतील डोळे फुटतात आणि फांद्या वाढून फुले दुणावतात. मात्र खुडण्यास उशीर झाला, तर फुलेही लांबतात व दसरा हुकतो.

झेंडूला खताचे फार लाड सोसत नाहीत. पाने माजतात, फुले रोडावतात. मुळांशी पाणी साचले तर कंबरेएवढे झाडही कुजते. म्हणून वाफा उंच करावा आणि भाद्रपदातील वाऱ्यापावसापूर्वी झाडाला बांबूच्या काठीचा आधार द्यावा. गाठ सैल असावी. खोड अजून जाड व्हायचे असते.