ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं बाळ

मी कर्जतची, भिसेगावात वाढलेली. मधली बरीच वर्षं अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत ऑपॉसमच्या रोगप्रतिकारक पेशींबरोबर गेली आणि आता पुन्हा इथंच राहते आहे. ऑपॉसम म्हणजे कांगारूचा दूरचा नातलग, ब्राझील-बोलिव्हियाकडचा. अंगानं मोठ्या उंदराएवढा, रंगानं राखाडी, आखूड शेपटीचा. कांगारूसारखी पोटाला पिशवी मात्र याला नसते, तरी कूळ पिशवीवाल्या प्राण्यांचंच. स्टेशनवर भेटणारी माणसं विचारतात, ‘तिकडे नक्की काय करत होतीस गं?’ गाडी येईपर्यंत सांगून होत नाही, म्हणून हे लिहिते.

१. जन्म म्हणजे तयारी पूर्ण झाल्याची खूण, असं मी धरून चालले होते. ऑपॉसमचं पिल्लू चौदा दिवसांत जन्माला येतं. वजन ग्रॅमचा दहावा हिस्सा, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. ते आईच्या आचळाला घट्ट चिकटतं आणि पुढचे दोन आठवडे तिथून हलत नाही. त्याच्या शरीरात पक्व लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नसतातच. उंदरात आणि माणसात जे गर्भाशयाच्या अंधारात घडतं, ते इथं उघड्यावर, जंतूंनी भरलेल्या जगात घडतं. हा प्राणी प्रयोगशाळेत आणण्याचं मोठं कारण हेच. पण मला कारणापेक्षा त्या पिल्लाचं तग धरणं जास्त हलवून गेलं. इतकं उघडं, इतकं अपुरं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत!

२. ते तगतं कसं, याचं निम्मं उत्तर आजीच्या गोठ्यात होतं. गाय व्याली की आजी पहिला चीक वासराला पोटभर पाजायची. खरवसासाठी आम्ही मुलं वाट्या घेऊन बसलेली असलो तरी ‘आधी त्याचं’ म्हणायची. गाईच्या वारेतून वासराला अँटिबॉडी मिळत नाहीत. त्या चिकातून मिळतात, आणि आतड्याची ती वाट साधारण एका दिवसात बंद होते. पिशवीवाल्या प्राण्यांत ही वाट कितीतरी लांबते. छोट्या कांगारूंच्या काही जातींत तर महिनोन्महिने उघडी राहते. शिवाय आईच्या दुधात जंतूंना थेट मारणारी छोटी प्रथिनं असतात. टास्मानियन डेव्हिलकडची अशी काही प्रथिनं सिडनीच्या संशोधकांनी तपासली, तेव्हा औषधांना दाद न देणारे जंतूही त्यांतल्या एकानं मारले. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. वाचल्याबरोबर मी आजीला फोन केला होता. तिला नवल वाटलं नाही.

३. प्रयोगशाळेतली हत्यारं एकाच प्राण्याच्या, उंदराच्या मापानं घडवलेली आहेत, हे मला त्या प्राण्यापासून दूर गेल्यावर कळलं. आपल्याकडे भाताला जसं कर्जत-३ हे वाण, तसं उंदरातलं सी-५७ ब्लॅक-६. १९२१ साली अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी त्याचं मूळ वाण तयार केलं, आणि जगभरचं कितीतरी प्रतिकारशास्त्र त्या एका काळ्या वाणावर उभं आहे. टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटांचीच एक जात, ओळखायची तर तिच्या अंगावरच्या खुणेला चिकटणारी, रंग लावलेली अँटिबॉडी लागते. उंदरासाठी अशा अँटिबॉडींचे जाडजूड कॅटलॉग निघतात. त्यातल्या ऑपॉसमच्या पेशींवर सोडल्या तर बहुतेक चिकटतच नाहीत, कारण पेशीच्या बाहेरच्या खुणा उत्क्रांतीत भराभर बदलत गेल्या. आतल्या भागांनी मात्र आपलं रूप फारसं सोडलं नाही. टी पेशीवरच्या सीडी-३ या प्रथिनाचं पेशीच्या आत लोंबणारं शेपूट माणसात, उंदरात, ऑपॉसममध्ये इतकं सारखं आहे की त्याविरुद्धची एक अँटिबॉडी सगळीकडे चालते. तिला आत शिरता यावं म्हणून पेशीला भोकं पाडावी लागतात, म्हणजे पेशी मरते. कोण आहे हे कळतं, पण ती काय करते हे जिवंतपणी पाहता येत नाही. या अटीसह काम करणं मला पुढे आवडायला लागलं. जे हाताला लागे, ते नीट पाहिलं जाई.

४. जिवंत टी पेशींना जागं करायला वापरतो ती द्रव्यं शेंगांमधून येतात. एक राजम्यातून येतं. ते लिम्फोसाइटना विभागायला लावतं हे पीटर नोवेल यांच्या १९६० साली फिलाडेल्फियात लक्षात आलं. दुसरं कॉनकॅनॅव्हलिन, आपल्या कुंपणावरच्या अबईच्या सख्ख्या बहिणीच्या बियांतलं.

५. पाठ्यपुस्तकातलं चित्र पूर्ण आहे, या विश्वासाला माझ्या बाबतीत थायमसनं तडा दिला. टी पेशी घडवणारा हा अवयव छातीत, हृदयाच्या वर असतो. तो काढला तर प्रतिकारशक्ती कोलमडते हे जॅक मिलर यांनी १९६१ साली नवजात उंदरांवर दाखवलं. तोवर तो कशासाठी आहे हेच धड कुणाला सांगता येत नव्हतं. पिशवीवाल्यांत मात्र एकवाक्यता नाही. ऑपॉसमला एक, छातीत. कोआलालाही एकच, पण मानेत. कांगारूंना दोन, मानेतही आणि छातीतही. हा त्या प्राण्यांचा विक्षिप्तपणा मानून लोक पुढे गेले. मग २००६ साली जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की उंदराच्याही मानेत काम करणारा छोटा थायमस असतो. मिलर यांच्या प्रयोगानंतर पंचेचाळीस वर्षं, ज्या प्राण्याला जगात सगळ्यात जास्त वेळा उघडून पाहिलं गेलं, त्याच्या मानेत! तो शोधनिबंध मी आजही अधूनमधून काढून वाचते.

६. आपल्याकडे नाही ते दुसऱ्याकडेही नसणार, हेही खरं नाही. माणसाच्या टी पेशींवर दोन प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात: अल्फा-बीटा आणि गॅमा-डेल्टा. २००७ साली अल्बुकर्कच्या रॉबर्ट मिलर यांच्या गटानं पिशवीवाल्यांत पाचवी साखळी दाखवली, म्यू. ती उंदरात नाही, आपल्यातही नाही. २०२१ मध्ये ऑपॉसमच्या या ग्राहकाची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या टोकाला एकटाच उभा असलेला एक जादा भाग दिसला, उंटाच्या एकसाखळी अँटिबॉडीशी मिळताजुळता. हा ग्राहक नेमकं काय पकडतो हा प्रश्न माझ्यापुरता अजून जिवंत आहे. ‘मग याचा माणसाला उपयोग काय?’ असं विचारणाऱ्यांना मी आता मनापासून सांगते, की प्रतिकार करण्याची एक अख्खी तऱ्हा सस्तन प्राण्यांत होती आणि आपल्या पूर्वजांकडून ती हरवली; हे कळणं मला पुरेसं मोठं वाटतं.

७. लहान प्राण्याकडून थोडंच मागावं. शंभर ग्रॅमच्या जिवातून एका वेळी मिलिलीटरभर रक्त, तेही फार तर. त्या थोड्या थेंबांत पाच प्रश्न बसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी कागदावर बसून कुठले तीन सोडायचे ते ठरवावं लागतं. प्रौढ ऑपॉसम एकत्र ठेवले तर भांडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं घर. त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव कळत जातो, कोण हातावर येतं, कोण तोंड वासून दात दाखवतं. आणि मग त्यातल्याच एखाद्याची प्लीहा काढायची वेळ येते. त्या दिवशी प्रयोगशाळेत रेडिओ लावत नसू. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

८. परत आल्यावर मी आवणीच्या दिवसांत बांधावर उभी राहते तेव्हा पायाखालच्या प्राण्यांचा विचार करते. उंदीर आणि घूस लेप्टोस्पायराचे जंतू मूत्रपिंडात बाळगतात, खाचरातल्या पाण्यात सोडतात, आणि स्वतः धडधाकट राहतात. तेच जंतू पायाच्या भेगेतून आत गेले की माणूस कावीळ होऊन, मूत्रपिंडं बंद पडून दगावू शकतो. म्हणजे घुशीच्या पेशींनी त्या जंतूशी काहीतरी तह केलेला आहे. त्याची कलमं मला वाचायची आहेत. प्रयोगशाळेतल्या उंदराला हे विचारून भागणार नाही. विचारायचं ते इथल्या, ओल्या मातीतल्या जनावराला. शेजारच्या वाडीतले कातकरी काका उकरलेल्या मातीचा ढीग पाहून सांगतात, ‘ताई, ही घूस. आत भात साठवलाय तिनं.’ माती कधीची तेही सांगतात. घुशीसाठी बनवलेल्या अँटिबॉडींचा कॅटलॉग मला मिळणार नाही, हे धरूनच चालले आहे. सीडी-३ च्या शेपटापासून सुरुवात करता येईल. परवानग्यांचे अर्ज भरायला घेतले आहेत, आणि काकांनी पाऊस ओसरला की बिळं दाखवायचं कबूल केलं आहे.