नेम आणि नियम

बंदूक म्हटली की आपल्याला पिक्चरमधला हीरो आठवतो. आमच्या राळेगाव तालुक्यात मात्र २०१८ साल आठवतं. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात गोळी लागून मेली. गोळी झाडताना नियम पाळले का, यावर चौकशी झाली, वादही खूप झाला. म्हणजे नुसता नेम लागणं पुरेसं नाही. मग चांगला नेमबाज कोणाला म्हणायचं? याचं उत्तर नेमबाजीच्या स्पर्धेत मिळतं.

आधी थोडं गणित. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दोन साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरा. पुढची साइट १ मिलिमीटर सरकली, तर समरूप त्रिकोणानुसार टार्गेटवर फरक पडतो १२.५ मिलिमीटर! दहाचा शॉट सहाच्या आसपास जातो. असे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे. त्यामुळे श्वास, उभं राहणं, ट्रिगर हळू दाबणं या सगळ्यांची सवय करावी लागते. हात हलतोय असं वाटलं तर रायफल खाली घ्यायची. न मारलेला शॉट हेसुद्धा कौशल्यच आहे!

आता रेंजवरचे नियम बघू :
१) बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळायची.
२) नळी कायम टार्गेटकडेच.
३) नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नाही.
४) ‘लोड’ची ऑर्डर आल्याशिवाय भरायची नाही, ‘स्टॉप’ म्हटलं की लगेच थांबायचं.
५) शूटिंग नसताना चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग. चेंबर रिकामं आहे हे सगळ्यांना दिसतं.

नियम मोडला तर कितीही मोठा खेळाडू असो, स्पर्धेतून बाहेर काढू शकतात. म्हणूनच हे नियम अंगात भिनतात.

अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं.

अर्थात रेंजवर उजेड असतो, टार्गेट हलत नाही. जंगलात अंधार आणि भीती दोन्ही असतात. स्पर्धा सगळंच शिकवत नाही; पण घाईच्या क्षणी हातात राहते ती सवयच. तेव्हा एनसीसीच्या फायरिंगला जाणाऱ्यांनो, आधी नियम, मग नेम. सुटलेली गोळी परत येत नाही!