परक्या धुराचा प्रश्न

मुलाने वडिलांच्या देखत विडी ओढू नये, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. वडील दारात दिसताच कर्ता-सवरता मुलगाही हातातील सिगारेट विझवितो किंवा निदान पाठीमागे लपवितो. त्याच घरात आजोबा मात्र नातवाला मांडीवर घेऊन निःसंकोचपणे विडी ओढीत असतात आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. तेव्हा धूम्रपानावर आपल्या समाजात निर्बंधच नव्हते, असे म्हणता येणार नाही. निर्बंध होते, परंतु त्यांचा आधार मानमर्यादा हा होता, आरोग्य हा नव्हता. धूर थोरांच्या तोंडावर जाऊ नये, एवढीच त्यांत काळजी होती. लहानांच्या फुप्फुसांचा विचार त्यांत आलेला नव्हता.

स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर श्वासावाटे घेणे, ह्यालाच परोक्ष धूम्रपान असे म्हणतात. त्याविषयीची लोकांची वृत्ती समजून घ्यावयाची असेल, तर ही जुनी रीत प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

धुराचे दोन प्रकार

पेटलेल्या सिगारेटमधून धूर दोन वाटांनी बाहेर पडतो. एक ओढणाऱ्याच्या तोंडात जातो व त्याच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकापासून सरळ हवेत मिसळतो. खोलीत साठणाऱ्या धुरात ह्या दुसऱ्या प्रकाराचाच वाटा मोठा असतो. तो कमी उष्णतेवर जळालेल्या तंबाखूचा असल्यामुळे व कोणत्याही गाळणीतून गेलेला नसल्यामुळे त्यात काही विषारी द्रव्यांचे प्रमाण अधिक आढळते. हवेत तो विरळ होतो हे खरे. पण त्याच खोलीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाला तो दिवसातून अनेक तास घ्यावा लागतो.

ह्या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले ते जपानी संशोधक ताकेशी हिरायामा ह्यांनी. जपानमधील चाळीस वर्षे व त्यापुढील वयाच्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी १९६६ पासून १४ वर्षे पाहणी केली. ह्या स्त्रियांपैकी एकही धूम्रपान करणारी नव्हती. तरीही ज्यांचे पती रोज २० किंवा अधिक सिगारेटी ओढीत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, न ओढणाऱ्यांच्या पत्नींच्या मानाने सुमारे दुप्पट आढळले. १९८१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांवर मोठा वाद माजला. तंबाखू उद्योगाने ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु पुढील संशोधनाने मूळ निष्कर्षाला पुष्टीच मिळाली. परोक्ष धूम्रपानामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, तसेच ह्या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने दिला. लहान मुलांमध्ये श्वसनमार्गाचे संसर्ग, कानाचे विकार व दम्याचे तीव्र झटके ह्यांच्याशीही ह्या धुराचा संबंध सिद्ध झालेला आहे.

हिरायामांच्या पाहणीतील स्त्रियांनी सिगारेटला हात लावला नव्हता. त्यांचा धोका त्यांच्या स्वतःच्या सवयीतून आलेला नव्हता. तो त्यांच्या घरातून आलेला होता.

विनंतीकडून हक्काकडे

भारतात ह्या प्रश्नाला हक्काचे रूप प्रथम न्यायालयांनी दिले. १२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदेशीर ठरविले. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा ह्यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सभागृहे, सार्वजनिक कार्यालये व रेल्वेसह सार्वजनिक वाहने ह्यांत धूम्रपानास मनाई केली. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काशी न्यायालयाने हा प्रश्न जोडला. २००३ साली संसदेने कायदा केला व १ मे २००४ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड लागू झाला.

कायदा झाला, तरी तो अंमलात यावयाचा राहिला होता. तो गांभीर्याने अंमलात आणण्याचा पहिला मान चंडीगढकडे जातो. हे शहर अवघ्या ११४ चौरस किलोमीटरांच्या केंद्रशासित प्रदेशात वसलेले असून पंजाब व हरियाणा ह्या दोन राज्यांची राजधानी आहे. ह्या दोन प्रदेशांच्या तंबाखूविषयीच्या परंपरा परस्परविरुद्ध आहेत. शिखांच्या आचारधर्मात तंबाखू सर्वस्वी वर्ज्य आहे. उलट हरियाणाच्या खेड्यांतील चौपालावर हुक्का हे बंधुभावाचे व प्रतिष्ठेचे चिन्ह मानले जाते. एखाद्याला वाळीत टाकणे म्हणजेच त्याचे हुक्का-पाणी बंद करणे. एका परंपरेत धूर हे पाप, तर दुसरीत तो आदरातिथ्याचा भाग. परंतु धूर न ओढणाऱ्या शेजाऱ्याचे काय, हा प्रश्न ह्यांपैकी एकीनेही मुख्य मानलेला नव्हता.

तो प्रश्न तेथे निराळ्याच मार्गाने पुढे आला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन हेमंत गोस्वामी ह्या कार्यकर्त्याने शासकीय कार्यालयांना अर्ज पाठविण्यास प्रारंभ केला. आपल्या कार्यालयात ह्या कायद्याच्या पालनासाठी काय केले आहे, अशी साधी विचारणा त्यांत असे. उत्तर द्यावयाचे, तर आधी काही तरी केलेले असणे भाग होते. आणि अशा रीतीने भिंतींवर मनाईचे फलक लागू लागले. १५ जुलै २००७ रोजी चंडीगढ हे भारतातील पहिले धूम्रपानमुक्त शहर म्हणून घोषित झाले. धूम्रपानमुक्त ह्याचा अर्थ तेथे कोणीच ओढीत नाही, असा नव्हे. कायद्याने सार्वजनिक ठरविलेल्या ठिकाणी कोणी ओढू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

फलकाचे महत्त्व वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण वरिष्ठ अधिकारी सिगारेट ओढीत असताना त्याला थांबविण्याचे धैर्य कारकुनाने कोठून आणावे? खोकला आला तरी गप्प बसणे, हीच त्याची सभ्यता. फलक लागल्यावर बोलण्याचा भार त्याच्या एकट्यावर राहिला नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झालेल्या नियमांनी तर जागेच्या मालकाला, व्यवस्थापकाला वा प्रमुखालाच जबाबदार धरले आणि राखदाण्या, आगपेट्या ठेवण्यासही मनाई केली. जुन्या रीतीत ज्याचा मान मोठा त्याचे रक्षण होत असे. नव्या कायद्यापुढे सर्वांची फुप्फुसे सारखीच ठरली.

घराचा उंबरठा

तथापि कायद्याची सीमा घराच्या उंबरठ्याशी संपते. प्रौढांमधील तंबाखूसेवनाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यातील आकडे ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत. २००९-१० मध्ये सुमारे ५२ टक्के प्रौढांना घरात परक्या धुराचा त्रास होत होता. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर आले. ह्याच काळात बंदिस्त जागी काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ ३० टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी धूर सोसावा लागत होता, आणि ह्या प्रमाणात काहीच सुधारणा झाली नाही.

जेथे कायदा होता तेथे आकडा जागीच राहिला. जेथे कायद्याचा प्रवेश नव्हता तेथे तो उतरला. ह्यावरून कायदा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. न विचारला जाणारा कायदा कागदावरच राहतो, हे चंडीगढच्या उदाहरणाने उलट बाजूने दाखविलेच आहे. घरात मात्र विचारणारे कोणी तरी माणूसच असावे लागते. परोक्ष धूम्रपान अपायकारक आहे, हे आज बहुसंख्य लोक मान्य करतात. अडचण असते ती तसे बोलून दाखविण्याची. पतीला पत्नीने किंवा आजोबांना सुनेने सांगणे, ही आजही अनेक घरांत मर्यादेबाहेरची गोष्ट ठरते.

वडिलांना पाहून सिगारेट विझविणाऱ्या मुलाला संयम शिकविण्याची गरज नाही. तो त्याच्या अंगी आहेच. थोरांसाठी जो संयम आपण पिढ्यान् पिढ्या पाळला, तोच पाळण्यातील बालकासाठी पाळावयाचा आहे. त्या बालकाला बोलता येत नाही आणि उठून दुसऱ्या खोलीत जाताही येत नाही.