जुना संगणक केव्हा बदलावा?

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे दुकान, पेढी अथवा लहान कारखाना चालवितात. रोजकीर्द-खतावणीच्या जागी संगणक आला, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. वही भरली की नवी आणावी, हे कोणी शिकवावे लागत नसे. संगणक थकला आहे, हे मात्र बाहेरून दिसत नाही. म्हणून कोणी नव्याच्या हौसेने नाहक पैसा खर्चतात, तर कोणी यंत्र बंद पडेपर्यंत थांबतात.

दुसऱ्या वर्गात प्रस्तुत लेखकही मोडत असे. 2019 साली जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या आदल्या रात्री दुकानातील नऊ वर्षांच्या संगणकाची डिस्क गेली. हिशेबाची नक्कल होती, पण तीन महिन्यांपूर्वीची! बिलांवरून सारे पुन्हा उतरविण्यात घरातील चार माणसांचे आठ दिवस गेले. विलंबशुल्क पडले ते निराळेच. त्या अनुभवातून सुचलेले चार प्रश्न येथे मांडतो.

1. यंत्राला सुरक्षेची दुरुस्ती मिळते काय? विंडोज 10 ची नेहमीची मोफत दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. दुरुस्तीवाचून काय होते, ते मे 2017 मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ने असंख्य संगणकांवरील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय व मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. आपल्या यंत्रात ते नसेल, तर बदलाची वेळ आली असे समजावे.

2. वेळ किती वाया जातो? समजा, कारकुनाची रोज 20 मिनिटे यंत्राची वाट पाहण्यात जातात. वर्षाच्या 300 दिवसांत ते 100 तास झाले. तासाचे 100 रुपये धरले, तरी 10,000 रुपये गेले. हा खर्च कोणत्याच खात्यावर दिसत नाही, एवढेच.

3. एखादा भाग बदलून भागेल काय? फिरत्या तबकडीच्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली व मेमरी वाढविली, तर सुस्त यंत्रही पुष्कळदा चपळ होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर आधी हा स्वस्त उपाय करावा.

4. पैशाची तरतूद आहे काय? कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साध्या संगणकाचे आयुष्य 3 वर्षे व सर्व्हरचे 6 वर्षे धरले आहे. तीन वर्षांनी यंत्र टाकावेच असा याचा अर्थ नव्हे. परंतु पहिल्या वर्षापासून थोडी रक्कम बाजूला ठेवल्यास पुढे एकदम ओझे पडत नाही.

बदल ठरल्यावर घाई करू नये. मार्चअखेर व विवरणपत्राचे दिवस टाळावेत. हिशेबाचा प्रोग्राम, प्रिंटर व जुनी खाती नव्या यंत्रावर चालतात की नाही, हे आधी पाहावे आणि एक महिना दोन्ही यंत्रे जोडीने चालवावीत. नक्कल दुकानाबाहेर ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून तपासावे. जुने यंत्र कोणास देण्यापूर्वी त्यातील मजकूर कायमचा पुसावा.

यंत्र काय, पैसे टाकले की पुन्हा मिळते. वाडवडिलांपासून चालत आलेला चोख हिशेब आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र बाजारात विकत मिळत नाही.