दास आणि गादी

शास्त्रभाग : १ शमुवेल ८:४-२२, मत्तय २०:२०-२८, योहान १८:३३-३८

२०२५ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेला रोम येथे नव्या पोपची निवड झाली व त्यांनी चौदावा लिओ हे नाव घेतले. त्यानंतरच्या रविवारी आमच्या भोपाळच्या संडेस्कूलमधील एका मुलाने विचारले, "सर, पोप म्हणजे पाळक की राजा?" शिक्षकांनी उत्तर दिले, "दोन्ही." मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "मग आपले पाळकसाहेब राजे का नाहीत?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठ्यांनीही त्यावर विचार करावा म्हणून या महिन्याचा पाठ आम्ही त्यावरच घेत आहोत.

१. जगातील सर्वांत लहान राज्य

व्हॅटिकन नगरराज्याचे क्षेत्रफळ फक्त ४४ हेक्टर, म्हणजे सुमारे १०९ एकर आहे. आमच्या भोपाळच्या मोठ्या तलावात अशी डझनावारी राज्ये मावतील. तरी त्याला स्वतःचा ध्वज, टपाल तिकिटे, न्यायालय आणि १५०६ सालापासूनचे स्विस पहारेकरी आहेत.

हे राज्य एकाएकी निर्माण झाले नाही. आठव्या शतकात फ्रँक राजा पेपिन याने मध्य इटलीतील मुलूख पोपना दिला. तेव्हापासून अकराशे वर्षे पोप हे सैन्य बाळगणारे, कर घेणारे राजे होते. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि ते राज्य संपले. पुढील एकोणसाठ वर्षे पोप स्वतःला कैदी समजून व्हॅटिकनबाहेर पडत नसत. शेवटी ११ फेब्रुवारी १९२९ रोजी इटली सरकारशी लॅटरन करार झाला व आजचे नगरराज्य अस्तित्वात आले.

कायदा करणे, तो चालविणे आणि न्याय देणे ही तिन्ही कामे तेथे अखेरीस पोपच्याच हाती आहेत. गादी मात्र बापाकडून मुलाकडे जात नाही. ऐंशी वर्षांखालील कार्डिनल सिस्टाईन चॅपेलमध्ये बंद दाराआड बसून दोनतृतीयांश मतांनी पोप निवडतात. नागरिकत्वही जन्माने मिळत नाही. ते कामामुळे मिळते व साधारणतः काम संपले की संपते. २०२५ च्या मार्चपासून रोजच्या कारभाराच्या प्रमुखपदी सिस्टर राफाएला पेत्रिनी आहेत. त्या पदावर स्त्री येण्याची ही पहिलीच वेळ. ग्रंथालय, संग्रहालये आणि १९३१ साली मार्कोनीने उभारून दिलेले रेडिओ केंद्र ही त्या राज्याची सांस्कृतिक संपत्ती होय.

पोपच्या अनेक पदव्यांपैकी एक आपण लक्षात ठेवू : 'देवाच्या दासांचा दास'.

२. आपल्या शेजारचे महंतांचे राज्य

असे राज्य दूर युरोपातच होते असे नाही. आमच्या मंडळीतील पुष्कळ कुटुंबांचे वडीलधारे १९५६ साली सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आले. ज्यांनी नागपूर-रायपूर लोहमार्गाने प्रवास केला, त्यांनी राजनांदगाव स्टेशन पाहिले असेल. त्या गावी बैरागी महंतांची गादी होती आणि ती गादी हेच सिंहासन होते.

आमचे भोपाळही १९४९ सालापर्यंत संस्थान होते. १८१९ ते १९२६ या काळात येथे चार बेगमांची कारकीर्द झाली. पण त्या धर्मनिष्ठ असल्या तरी धर्मगुरू नव्हत्या. नांदगावची गोष्ट निराळी. तेथे गुरूच राजा झाला.

अठराव्या शतकात प्रल्हाददास नावाचे एक वैष्णव बैरागी पंजाबातून शाली विकत रतनपूरला आले. त्या वेळी छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांचा अंमल होता. प्रल्हाददासांचे शिष्य हरिदास यांना भोसल्यांच्या घरी गुरूचा मान मिळाला. मान आला तशा भेटी आल्या, पैसा जमला. अडचणीतल्या जमीनदारांना मठातून कर्ज मिळू लागले आणि कर्ज फिटेना तेव्हा जमीन मठाकडे आली. पांडादाह परगणा असाच आला. पुढे नांदगावसह आणखी परगणे मिळत गेले. तलवार न उपसता राज्य उभे राहिले.

बैरागी ब्रह्मचारी असल्यामुळे गादी गुरूकडून चेल्याकडे जाई. १८६५ साली इंग्रज सरकारने महंत घासीदास यांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. (सतनामी पंथाचे गुरू घासीदास ते वेगळे, शिक्षकांनी गल्लत करू नये.) पुढे महंतांचा विवाह व वंशपरंपरा मान्य झाली, आणि १८८३ साली घासीदासांच्या मागे त्यांचे पुत्र बलरामदास गादीवर आले. चेल्याची जागा मुलाने घेतली. शेजारच्या छुईखदान या लहानशा संस्थानातही बैरागी महंतांचेच राज्य होते.

नांदगाव संस्थान ८७१ चौरस मैलांचे होते व १९०१ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या १,२६,३६५ भरली. वारस अल्पवयीन असला म्हणजे इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभार चाले. या राजांनी लोकोपयोगी कामेही केली हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रायपूरचे संग्रहालय १८७५ साली घासीदासांनी स्थापन केले आणि आजही ते त्यांच्या नावाने चालते. रायपूरला नळाचे पाणी आले त्या १८९२ सालच्या योजनेला बलरामदासांनी मोठी देणगी दिली. त्यांच्याच काळात नांदगावी कापडाची गिरणी निघाली. ती पुढे इंग्रज कंपनीकडे गेली व बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच गिरणीतील मजुरांनी १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिन्याहून अधिक काळ संप केला. साधूंच्या राजधानीतही मजुराला आपल्या श्रमासाठी झगडावे लागलेच.

१ जानेवारी १९४८ रोजी छत्तीसगडमधील संस्थानांबरोबर नांदगावही मध्यप्रांत-वऱ्हाडात विलीन झाले. १९५६ पासून तो मुलूख भोपाळ राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता आणि २००० सालापासून छत्तीसगड राज्यात आहे. शेवटचे राजे दिग्विजयदास यांनी आपला किल्ला कॉलेजसाठी दिला. त्या दिग्विजय कॉलेजात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. घरी मराठी बोलणारा हा माणूस हिंदीचा मोठा कवी झाला. १९६४ साली ते आजारी पडले तेव्हा त्यांना प्रथम आमच्या भोपाळच्या हमीदिया रुग्णालयातच आणले होते. आम्हांला वाटते, त्या गादीच्या सर्व इतिहासात राजवाड्याचा वर्ग झाला, ही गोष्ट फार मोलाची आहे.

आता या राजांची नावे पुन्हा वाचा : प्रल्हाददास, हरिदास, घासीदास, बलरामदास, दिग्विजयदास. प्रत्येक नावाच्या शेवटी 'दास' आहे. रोममध्येही पदवी दासाची आणि आसन राजाचे. नाव सेवकाचे राहते आणि खुर्ची हळूहळू उंच होत जाते.

३. आपणही याच वाटेचे प्रवासी

प्रॉटेस्टंट मनुष्याला येथे रोमकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. त्याला कारणही आहे. रोमचे सेंट पीटर मंदिर बांधण्यासाठी पैसा हवा होता, तो पापमाफीची पत्रे विकून जमविला जाऊ लागला, आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठविला. पण जिनेव्हाही विसरता येत नाही. कॅल्व्हिनच्या काळात ते लहानसे नगरराज्य सुधारलेल्या धर्माचे आदर्श नगर व्हावे अशी खटपट झाली. तेथे शाळा निघाल्या, परागंदा लोकांना आसरा मिळाला. त्याच नगरात २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मायकेल सर्व्हेटस याला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळण्यात आले. दंड देण्याचे सामर्थ्य धर्माच्या हाती आले की आपल्या पूर्वजांचा हातही थरथरला नाही.

आणि आज? आपल्याजवळ राज्य नाही, पण मिशनरी गेल्यावर मागे राहिलेले कंपाउंड आहेत, बंगले, शाळा, स्मशानभूमी आहेत. कोणाची सही चालेल, भाडे कोण घेईल, यावरून एकाच प्रभूभोजनाला बसणारे बंधू कोर्टात समोरासमोर उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. निवडणुकीत पडलेला पंच दुसऱ्या रविवारी उपासनेला येत नाही, हेही पाहिले आहे. आमचीही यातून सुटका नाही. कमिटीची खुर्ची आम्हांलाही गोड लागली आहे. चव्वेचाळीस हेक्टर नकोत, चार गुंठेही पुरतात.

इस्राएल लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाने त्यांना राजा काय काय घेईल याची यादीच वाचून दाखविली. पिलाताने विचारले तेव्हा प्रभूने आपले राज्यपद नाकारले नाही, पण ते या जगाच्या रीतीचे नाही हे स्पष्ट सांगितले. जब्दीच्या मुलांची आई उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागत आली तेव्हा त्याने मोठेपणाचे माप सेवेवर आणून ठेवले. मालमत्ता सांभाळू नये, असे प्रभू म्हणत नाही. ती कोणासाठी सांभाळतो, एवढेच विचारतो. नांदगावच्या किल्ल्यात पोरे शिकू लागली, तसे आपल्या बंद बंगल्यांचे काही होईल काय?

त्या मुलाला आमच्या शिक्षकांनी पुढच्या रविवारी उत्तर दिले : "पाळकसाहेब राजे नाहीत, कारण आपला राजा एकच आहे, आणि त्याने पाय धुण्यासाठी टॉवेल कमरेला बांधला होता."

चर्चेसाठी प्रश्न

१. गादी चेल्याकडून मुलाकडे गेल्याने काय बदलले असेल? मंडळीच्या पदांबाबत असे घडते काय?

२. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी चांगली कामे केली, तर अधिकाराबद्दल प्रश्न विचारू नयेत काय?

३. आपल्या मंडळीच्या मालमत्तेचा हिशेब सभासदांपुढे केव्हा वाचला जातो? गेल्या वर्षी तिचा उपयोग मंडळीबाहेरच्या कोणाला झाला?