नर्सिंग एक्सलन्सचा खर्च: फी थोडी, पगार फार

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’चे नर्सिंग एक्सलन्स प्रमाणपत्र घ्यायचे म्हटले की रुग्णालयचालक आधी विचारतात, फी किती? ती खाटांच्या संख्येनुसार ठरते आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. दर बदलत असतात, तेव्हा सल्लागाराच्या कोटेशनवर विसंबू नका. एनएबीएचच्या संकेतस्थळावरचा तक्ता स्वतः पाहा. तपासनिसांचा प्रवास-मुक्काम त्यात धरला आहे का, तेही विचारून घ्या. फीचा विषय एवढाच. पैसा खरा लागतो तो पाळीवर पुरेशा परिचारिका ठेवायला, म्हणजे पगाराला.

२४ खाटांचा जनरल वॉर्ड घ्या. सहा रुग्णांमागे एक परिचारिका धरली तर एका पाळीला चार, तीन पाळ्यांना बारा. सुट्ट्या, रजा, आजारपण यांसाठी ३० टक्के राखीव धरले की झाल्या सोळा. आयसीयूचा हिशेब वेगळा. तिथे व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. त्या दराने सोळा जणींचे महिन्याला ३ लाख २० हजार होतात. आज वॉर्ड दहा जणींवर चालत असेल, तर नव्या सहा जणींचे वर्षाला १४ लाख ४० हजार. पीएफ त्यावर. शिफारस जुनी झाली आहे. पुण्या-मुंबईत एवढ्यावर अनुभवी सिस्टर टिकणे कठीण, म्हणून हा आकडा कमीत कमी समजा.

दुसरी अडचण कागदावर दिसत नाही. कित्येक छोट्या नर्सिंग होममध्ये सलाइन लावणारी ‘सिस्टर’ ही तिथेच हाताखाली शिकलेली मुलगी असते. नर्सिंगचे शिक्षण आणि नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी नसेल, तर तिला परिचारिका म्हणून मोजता येत नाही. तिला घरी पाठवू नका, मदतनीस म्हणून ठेवा. पण मग तिच्या जागी नोंदणीकृत परिचारिकेचा पगार वेगळा धरा. प्रत्येकीच्या नोंदणीची मुदत आजच तपासा.

परिचारिकांचे लसीकरण स्वस्त आहे, पण वेळखाऊ. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे असतात. ते आधी उरकले नसतील तर अर्जाची घाई करून उपयोग नाही. प्रशिक्षणाचेही तसेच: वर्गाची फी सगळे धरतात, पण चार जणी वर्गात बसल्या की वॉर्ड कोणी सांभाळायचा, त्या जादा पाळीचे पैसे कोणीच धरत नाही.

सल्लागार हवा का? पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला उणिवा दाखवून द्यायला आणि सराव-तपासणीला उपयोगी पडतो. तयार एसओपींच्या (लेखी कार्यपद्धतींच्या) फायली मात्र विकत घेऊ नका. त्या दुसऱ्या रुग्णालयाच्या असतात, नाव तेवढे बदललेले. तपासनीस फाइल चाळतो आणि मग रात्रपाळीच्या सिस्टरलाच विचारतो, सुई टोचली तर तुम्ही काय करता? उत्तर तिला आले पाहिजे. सल्लागाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्या. ‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ अशी हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ते त्याच्या हातात नसते.

काटकसर करायचीच तर सॉफ्टवेअरवर करा. बेडसोअर, रुग्ण पडणे, औषधाची चूक यांच्या नोंदी साध्या रजिस्टरमध्ये किंवा एक्सेलमध्येही नीट राहतात. नोंदी सुरू झाल्या की पहिले काही महिने चुकांचे आकडे वाढतील. ते लपलेले होते, आता दिसू लागले, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून मेट्रनने कुणाला झापले, की पुढच्या महिन्यात रजिस्टर कोरे राहणार.

प्रमाणपत्राला मुदत असते आणि नूतनीकरणाच्या वेळी पाळीवर तेवढ्याच परिचारिका दिसाव्या लागतात. त्यामुळे ते १४ लाख ४० हजार एका वर्षाच्या अंदाजपत्रकात टाकून चालणार नाही, दरवर्षीच्या खर्चात धरा. यंदा तेवढी ऐपत नसेल तर अर्ज पुढच्या वर्षी करा. लसी आणि नोंदणी तोवर उरकून घ्या.