परसबागेत ॲस्परॅगसचा वाफा

एकदा लावले की दहा-पंधरा वर्षे त्याच जागी उभे राहून कोंब देणारे भाजीचे पीक विरळाच. ॲस्परॅगस हे त्यांपैकी एक होय. आपल्या रानातील काटेरी शतावरीच्याच कुळातले हे झाड. मात्र शतावरीच्या मुळ्या औषधात घेतात, तर याचे जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब भाजीसाठी वापरतात.

जागा एकदाच निवडावयाची असल्याने ती विचारपूर्वक निवडावी. भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळ्या कुजतात. तेथे चर न खणता वीतभर उंचीचा गादीवाफाच करावा. हरळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गाठी आधीच वेचून काढाव्यात. पुढे मुळ्यांच्या जाळ्यातून त्या निघत नाहीत.

बी एक दिवस कोमट पाण्यात भिजवून, बोटाच्या पेराइतके खोल टोकावे. उगवणीस तीन-चार आठवडेही लागतात. बी फुकट गेले असे समजून वाफा मोडू नये. वर्षभराने गड्डे उपटून, कुजलेले शेणखत घातलेल्या कायम वाफ्यात ४५ सें. मी. अंतरावर, मुळ्या पसरून लावावेत.

खरी कसोटी यापुढे लागते. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या परसात पहिल्याच वर्षीचे कोंब हौसेने कापले. दुसऱ्या वर्षी दोऱ्यासारखे कोंब आले आणि तिसऱ्या वर्षी निम्मे गड्डे मेले. कारण असे की, न कापलेल्या कोंबाचा हिरवा पिसारा होतो, तो मुळ्यांत अन्न साठवितो आणि पुढचे कोंब त्या साठ्यावरच येतात. म्हणून पहिली दोन वर्षे एकही कोंब कापू नये. तिसऱ्या वर्षीही दोन-तीन आठवडेच कापणी करावी.

थंड देशांत हे झाड हिवाळ्यात विश्रांती घेते. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्याने तैवान व थायलंडमधील रीत सोयीची पडते. तेथे प्रत्येक गड्ड्यावर तीन-चार दांडे पिसाऱ्यासाठी राखून बाकीचे कोंब काढतात. राखलेले दांडे पिवळे पडू लागले की नवे राखून जुने छाटावेत.

कोंब वीतभर वाढला व शेंडा मिटलेला असला, म्हणजे सकाळी तो हातानेच मोडावा. विळा जमिनीत खुपसल्यास शेजारचे डोळे दुखावतात. पेन्सिलीहून बारीक कोंब येऊ लागताच काढणी थांबवावी.

मादी झाडांना लाल फळे धरतात. ती खाण्याजोगी नाहीत, हे घरातील मुलांना सांगून ठेवावे. आणि गळण्यापूर्वीच ती तोडावीत, नाहीतर बी वाफ्यातच रुजून तणासारखे माजते.